मूठभर बियाण्याचे भांडवल

ज्येष्ठ सरत येतो तेव्हा सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी पाड्यांवर एक अवघड काळ सुरू होतो. मागच्या हंगामाचे भात आणि नागली संपत आलेली असते, कणगीचा तळ दिसू लागतो आणि नवे पीक घरात यायला तीन-चार महिन्यांचा अवधी असतो. नेमक्या याच दिवसांत पेरणी, आवणी आणि निंदणीची सर्वाधिक कष्टाची कामे असतात. पोटाला अन्न हवे, शेताला बियाणे हवे आणि हाती पैसा नाही, अशा तिहेरी कोंडीत सापडलेल्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या एकच दार ठाऊक होते, ते म्हणजे सावकाराचे.

हे दार सवाई-दिढीच्या हिशेबावर उघडत असे. आषाढात नेलेल्या एका मापाला दिवाळीनंतर सव्वा किंवा दीड माप परत करायचे, हा सरळ दिसणारा व्यवहार. परंतु पीक बुडाले की बाकीवर बाकी चढे आणि कर्ज धान्यावरून बैलावर व बैलावरून जमिनीवर जाई. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करण्यासंबंधीचा कायदा करून या भागातील खासगी सावकारीला आळा घातला. सावकार गेला, तरी आषाढातील भूक राहिली. तिच्यासाठी १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना आली. पुढे टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, शासनाने खावटीचे रूपांतर एका वर्षापुरते पूर्ण अनुदानात केले. पात्र कुटुंबाला चार हजार रुपये द्यायचे, त्यांपैकी निम्मी रक्कम बँक खात्यात आणि निम्म्या रकमेची कडधान्ये, डाळी, तेल, मीठ, मिरची पूड आदी वस्तू, असा तो निर्णय होता.

संकटात अशी मदत अत्यावश्यकच असते. भुकेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. दिलेले धान्य आश्विनापर्यंत संपले; मग पुढच्या ज्येष्ठात त्या घरात काय उरले? कर्ज असो वा अनुदान, घरात भांडवल उभे राहिले नाही, तर पुढच्या वर्षी हात पुन्हा पसरावाच लागतो. शिवाय काय खायचे, हेही देणाऱ्यानेच ठरवलेले असते.

१९९६ च्या सुमारास जगभरच्या लहान शेतकऱ्यांच्या संघटनांनी या प्रश्नाला एक नाव दिले. त्याला मराठीत ‘अन्नस्वराज्य’ म्हणता येईल. अन्नसुरक्षा म्हणजे पोटाला पुरेसे अन्न मिळणे. अन्नस्वराज्य म्हणजे काय पेरायचे, काय खायचे आणि कोणते बियाणे जपायचे, हे ठरवण्याचा अधिकार पिकवणाऱ्या समाजाच्या हाती असणे. पहिल्यात माणूस लाभार्थी असतो, दुसऱ्यात तो आपल्या कणगीचा मालक असतो.

या मालकीचे एक उत्तम उदाहरण कळसूबाईच्या परिसरात आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी महादेव कोळी समाजातील राहीबाई सोमा पोपेरे राहतात. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. नातवंडे वारंवार आजारी पडू लागली, तेव्हा विकतच्या संकरित बियाण्यांच्या व औषधफवारणीच्या भाज्यांशी त्याचा संबंध असावा, असे त्यांना वाटले आणि त्यांनी जुनी गावठी बियाणी गोळा करण्यास आरंभ केला. वाल, घेवडा, भात, नागली, वरई, वेलभाज्या असे एकेक वाण माहेर-सासरच्या माणसांकडून, शेजारपाजारच्या गावांतील वृद्ध स्त्रियांकडून जमत गेले. मातीची मडकी, राख आणि कडुनिंबाचा पाला एवढीच त्यांची कोठारव्यवस्था होती.

राहीबाईंकडे ज्ञान होते; ‘बायफ’ या संस्थेने त्याला जोड दिली. निवड कशी करावी, वाण शुद्ध कसे राखावे, नोंदी कशा ठेवाव्यात, बियाणे अधिक काळ कसे टिकवावे, हे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दाखवले; आणि कोणते वाण कोणत्या उतारावर येते, कमी पावसात कोणते तग धरते, हे कार्यकर्ते गावाकडून शिकले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, म्हणूनच ती टिकली. परिसरातील शेतकऱ्यांची बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातील शंभर महिलांच्या यादीत राहीबाईंचे नाव आले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात.

या बियाणे बँकेचा एक नियम व्यापारी कुटुंबांनी आवर्जून समजून घेण्यासारखा आहे. येथून बियाणे नेणाऱ्याने हंगामानंतर दुप्पट बियाणे परत करायचे असते. वरवर पाहता हा दर सवाई-दिढीहूनही कडक! मग सावकारी आणि ही बँक यांत फरक तो काय?

फरक तीन ठिकाणी आहे. सावकाराचे कर्ज बहुधा खाण्यासाठी असे. खाल्लेले धान्य वाढत नाही, त्यावरचे व्याज मात्र वाढते. बियाणे पेरले जाते आणि नागलीच्या एका कणसातही शेकडो दाणे येतात. त्यातून दुप्पट देणे कोणाला जड जात नाही. दुसरे असे, की सावकाराकडे गेलेली वाढ गावाबाहेर जाई. बियाणे बँकेकडे आलेली वाढ पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतात जाते. तिसरा फरक सर्वांत मोठा. सावकाराचा ऋणको वर्षानुवर्षे ऋणकोच राहतो, तर येथे बियाणे नेणारा एका हंगामानंतर स्वतःच बियाणे देऊ शकतो. दर पाहून कर्जाची पारख होत नाही, कर्जाने माणूस कोठे पोहोचला हे पाहून होते.

सार्वजनिक निधीही हळूहळू या दिशेला वळत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये जनुक कोष प्रकल्पाला मान्यता देऊन पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लक्ष रुपयांची तरतूद केली. स्थानिक पीक वाणांचे संवर्धन हा त्यातील एक विषय आहे. त्याआधी २०१५ मध्ये पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय झाला. त्याला ‘अबंध निधी’ म्हणतात. ठरवून दिलेल्या विषयांच्या चौकटीत तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभा ठरवते. कायद्याचा आधारही आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकण्यास तेवढी मनाई आहे.

अनेक व्यापारी कुटुंबे व त्यांचे न्यास दरवर्षी आदिवासी पाड्यांवर धान्य, कपडे व फराळ पोहोचवतात. या दानाला कोणी नावे ठेवू नयेत. पण त्याच रकमेचा काही भाग भांडवलरूपाने देता येईल. बियाणे वाळवण्यासाठी ओटा, कीड न लागणाऱ्या कोठ्या, वाणांची नोंदवही, एका गावच्या शेतकरी स्त्रियांना दुसऱ्या गावची बियाणे बँक पाहण्यासाठी प्रवासखर्च, या गोष्टींना फार पैसा लागत नाही. वरईचेच उदाहरण घ्यावे. किराणा दुकानात जी भगर म्हणून विकली जाते, ती डोंगरउतारावरची वरई. तिचे टरफल काढणे हे उखळ-मुसळाचे जिकिरीचे काम असल्याने वरई घरच्या ताटातून मागे पडते किंवा तशीच विकली जाते. बचत गटाला लहानसे भरडयंत्र मिळाले, तर ती घरात खाल्लीही जाईल आणि उरलेली चांगल्या भावाने विकलीही जाईल. धान्य निवडणे, प्रतवारी, तोलमाप, हिशेब ही तर व्यापाऱ्याच्या घरची विद्या. पैशाइतकेच तिचेही दान मोलाचे आहे.

मात्र पथ्येही आहेत. देण्याआधी ग्रामसभेला वा बचत गटाला काय हवे ते विचारावे. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन-चार हंगाम थोडी थोडी द्यावी, कारण बियाण्याचा हिशेब एका वर्षात जुळत नाही. पीक बुडाल्यास परतफेड पुढील हंगामावर ढकलण्याची मुभा असावी. कोणी एखाद्या शेतात संकरित भात लावला, तर त्यालाही दोष देऊ नये; गावठी वाणाचे उत्पन्न पुष्कळदा कमी येते, आणि निवडीचा अधिकार शेतकऱ्याचाच आहे. दात्याने जुन्या सक्तीच्या जागी नवी सक्ती आणली, तर ते स्वराज्य कसले?

मुद्दलाला हात न लावता घर चालवावे, हा व्यापारी घरातील जुना संस्कार. शेतकऱ्याचे मुद्दल म्हणजे बियाणे. ते त्याच्याच कणगीत सुरक्षित राहिले, तर ज्येष्ठ-आषाढात त्याला कोणाच्याही दारी उभे राहावे लागणार नाही. ज्या दानानंतर घेणाऱ्याला पुन्हा मागण्याची वेळ येत नाही, त्या दानाची नोंद जमेच्या बाजूला कायमची राहते.