दुआ आणि दवा एकाच दारात हवीत

आपल्या वस्तीत कुणाला शुगर निघाली की चार घरी सांगितलं जातं. कुठला डॉक्टर चांगला, कुठली गोळी लागू पडते, याची चर्चा लग्नाच्या मांडवातही होते. पण एखाद्याची झोप उडाली, तो आठ-आठ दिवस कुणाशी बोलेना, कारण नसताना रडू लागला, तर ठरलेली तीन वाक्यं ऐकू येतात. बाहेरचं झालंय. नजर लागलीय. नमाज सुटली म्हणून ईमान कमजोर झालंय. चौथं वाक्य, म्हणजे आजार आहे, इलाज करू, हे फार उशिरा येतं. कधी कधी येतच नाही.

शाळेत मुलं बारा-पंधरा वर्षं आमच्या डोळ्यांसमोर असतात. नववीतली हुशार मुलगी वर्गात बोलायची बंद होते, वहीतलं अक्षर बिघडत जातं, मग गैरहजेरी सुरू होते. चौकशी केली की कळतं, आमिलकडे फेऱ्या चालू आहेत, तावीज झालं, दम केलेलं पाणी झालं, आता ‘निकाह केला की ठीक होईल’ असं चाललं आहे. मुलांचं वेगळं. दहावीत गळालेला मुलगा गॅरेजवर जातो, आणि काही महिन्यांत झोपेच्या गोळ्यांच्या नशेत सापडतो. औरंगाबाद-मालेगावकडे या गोळ्यांना ‘बटन’ आणि ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. त्याला सगळे ‘बिघडलेला’ म्हणतात, आजारी कुणी म्हणत नाही. खरं तर दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून होणारे मानसिक विकार कायद्यानेही मानसिक आजारातच धरले आहेत.

ईमान कमजोर असल्याने मन आजारी पडतं, हे दीनमध्ये कुठे आहे? हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची नजर गेली, हे कुरआनच सांगतं. बीबी खदीजा (र.) आणि चाचा अबू तालिब गेले ते वर्ष सीरतमध्ये ‘दुःखाचं वर्ष’ म्हणूनच ओळखलं जातं. नबींना दुःख होऊ शकतं, तर आपल्या नववीतल्या मुलीला का होऊ नये? नवव्या-दहाव्या शतकातले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. दमास्कस आणि कैरोच्या जुन्या बिमारिस्तानांत मनोरुग्णांवर इतर रुग्णांसारखाच उपचार होत असे. इलाज करून घेणं ही आपलीच परंपरा आहे. साखळीने बांधणं ही नाही.

साखळीचं नाव काढलं की तमिळनाडूतल्या एरवाडीची आठवण येते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आलं नाही, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं हा त्याखाली गुन्हा आहे.

पण दर्ग्यांना कुलूप लावणं हा याचा उपाय आहे का? माझे काही पुरोगामी मित्र तसं म्हणतात. दर्ग्याशी हातमिळवणी म्हणजे अंधश्रद्धेला सरकारी शिक्का, असा त्यांचा आक्षेप आहे. मला तो पटत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात ‘दवा और दुआ’ नावाचा उपक्रम चालतो. मुजावर दुआ करतात, आणि लक्षणं ओळखून रुग्णाला दर्ग्याच्या आवारातच डॉक्टरकडे पाठवतात. श्रद्धा सोड, असं कुणी सांगत नाही. रुग्णाच्या हातात फक्त गोळीही पडते. जो माणूस सिव्हिलची पायरी कधी चढला नसता, तो तिथे औषध घेतो.

आपल्याकडे सेवा नाहीत असं नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. प्रश्न पोहोचण्याचा आहे. ‘याला येरवड्याला पाठवा’ ही आपल्याकडे शिवी आहे, मग त्या दाराकडे कोण स्वतःहून जाईल? सिव्हिलला जायचं तर एका दिवसाची मजुरी जाते. घरात दखनी बोलणारी बाई अनोळखी पुरुष डॉक्टरसमोर, मागे रांग उभी असताना, मनातलं काय सांगणार? कायद्याने तर सेवा परवडणारी, जवळची, धर्म-जातीचा भेद न करणारी आणि रुग्णाला व त्याच्या घरच्यांना स्वीकारार्ह वाटेल अशी असावी, असं म्हटलं आहे. ‘स्वीकारार्ह’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वस्तीला स्वीकारार्ह जागा म्हणजे मशिदीचा हॉल, दर्ग्याचं आवार आणि उर्दू शाळा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या पथकाने महिन्यातला एक ठरलेला दिवस या जागांवर यावं. सोबत वस्तीची भाषा बोलणारी महिला समुपदेशक असावी. आशाताईंना घरं माहीत आहेत, त्यांनी रुग्ण आणावेत. प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकाला लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण मिळावं. शिक्षकाने इलाज करू नये, पण वेळेवर योग्य दाराशी पोहोचवावं.

सरकारकडे बोट दाखवताना आपलं कामही मोजलं पाहिजे. इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी सांगावं की उदासी हा गुनाह नाही. आत्महत्या हराम आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण ज्याच्या मनात तो विचार येतो त्याला फतवा नको, जवळ बसणारा माणूस हवा. प्रयत्न करून वाचलेल्याला घरचे बदनामीच्या आणि पोलिसांच्या भीतीने लपवतात. तो माणूस तीव्र तणावात होता असं २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य मानतो. हे घराघरांत कळलं तर लपवण्याचं एक कारण तरी कमी होईल.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीसह २० भाषांत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही, बुरखा-टोपी कुणी पाहत नाही. आपल्या मशिदींच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, जनाजाची खबर असते, चंद्याचा हिशोब असतो. ट्रस्टी मंडळींना विनंती आहे, त्याच फलकावर खडूने हे पाच आकडे लिहा. जनाजाची एखादी खबर त्यामुळे लिहावी लागणार नाही.