आकांक्षा, योग्यता, सन्निधि

वाक्याचा अर्थ लागण्यास आकांक्षा, योग्यता व सन्निधि हीं तीन अवश्य आहेत, असें आपल्या तर्कशास्त्रांत सांगितलें आहे. ‘गाय, घोडा, पुरुष, हत्ती’ असे शब्द ओळीनें म्हटले तरी त्यांस परस्परांची अपेक्षा नसल्यामुळें वाक्य होत नाहीं. ‘विस्तवानें झाड शिंपावें’ यांत योग्यता नाहीं. आणि एक शब्द आतां व दुसरा प्रहरानंतर उच्चारला तर सन्निधि राहत नाहीं. संगणकाचें सॉफ्टवेअर घडवून ग्राहकाकडे धाडणाऱ्या तरुण मंडळींनीं हे तीन शब्द जवळ बाळगावे, असें आम्हांस वाटतें. हा व्यवसाय करणारीं मुलें-मुली आतां घरोघरीं आहेत, म्हणून या मासीं हा विषय घेतला आहे.

समजा, घोडेगावच्या एखाद्या वाचनालयानें आपली ग्रंथसूची इंटरनेटवर सर्वांस पाहतां यावी म्हणून सॉफ्टवेअर विकत घेतलें. वरवर पाहतां ती एकच वस्तु दिसते. परंतु तिच्या पोटीं बरेंच कांहीं असतें. बाहेरून आलेली विचारणा ऐकून योग्य तें पान धाडणारा वेब सर्व्हर हा जणूं द्वारपाल. त्याच्या मागें नोंदी सांभाळणारा डेटाबेस. आणि या दोघांस हातभार लावणाऱ्या लहान लहान लायब्रऱ्या, ज्या पुन्हां दुसऱ्या लायब्रऱ्यांवर विसंबलेल्या. घडविणाऱ्याच्या संगणकावर हें सारें पूर्वींच हजर असतें. वाचनालयाच्या संगणकावर त्यांतलें निम्मेंहि नसतें. मग ‘आमच्याकडे तर नीट चालतें’ हें उत्तर ग्राहकास ऐकावें लागतें. अमुक घटक लागतो ही आकांक्षा. त्याची अमुकच आवृत्ति चालते ही योग्यता. आणि ऐन वेळीं तो त्या संगणकावर हजर असणें हा सन्निधि. या तिहींची तजवीज करणें देणाऱ्याचें काम आहे, घेणाऱ्याचें नव्हे.

ही तजवीज किती दूरवर पाहून करावी लागते, याचें उदाहरण जुन्नर तालुक्यांतच आहे. नारायणगावाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें जीएमआरटी ही रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरच्या टापूंत पसरल्या आहेत, आणि २००२ पासून ती जगांतील सर्व संशोधकांस खुली आहे. तबकड्या स्वतः चित्र काढीत नाहींत; त्या आंकडे जमवितात, व त्यांतून आकाशाचें चित्र काढणें सॉफ्टवेअरकडे असतें. येथील जुन्या निरीक्षणांवरून इंटेमा या डच ज्योतिर्विदांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं सहा लाखांवर रेडिओ-स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यासाठीं वापरलेली ‘स्पॅम’ ही आज्ञावली अमेरिकेंत तयार झालेल्या ‘एप्स’ या जुन्या सॉफ्टवेअरवर आणि पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीवर विसंबलेली होती. १ जानेवारी २०२० रोजीं त्या पिढीची देखभाल थांबली. आंकडे जसेच्या तसे आहेत. परंतु ज्यास त्याच वाटेनें पुन्हां जाऊन निष्कर्ष पडताळावयाचा असेल, त्यास आधीं तें जुनें बिऱ्हाड नव्यानें मांडावें लागतें.

यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला सामाईक विहिरीचा. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स-वितरणांत प्रत्येक पॅकेजबरोबर एक टिपण असतें: मला हे घटक, या आवृत्तीचे, हवेत. संगणक तें टिपण वाचून सामाईक कोठारांतून उरलेलें आणतो. दुसरा उपाय घरून हंडा भरून नेण्याचा. २०१३ सालीं पुढें आलेल्या डॉकरसारख्या साधनानें बहुतेक सारे घटक एकाच पेटींत घालून देतां येतात.

पेटीनें ग्राहकाचा त्रास वांचतो, यांत शंका नाहीं; विहिरीवर दोन सॉफ्टवेअरांस एकाच घटकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या हव्या असल्या कीं कलह होतो. पण एप्रिल २०१४ मध्यें ‘ओपन-एसएसएल’ या घटकांत ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष उघडकीस आला, तो प्रसंग आठवावा. वेब सर्व्हरचें गुप्त बोलणें राखणारा हाच घटक, आणि त्यांतूनच परवलीचे शब्द बाहेर गळूं शकत होते. असा दोष निघाला असतां सामाईक कोठारांतला एक घटक बदलून सर्व्हर पुन्हां सुरू केला कीं त्यावर विसंबणारे सारे सुधारतात. पेट्या मात्र एकेक करून नव्यानें भराव्या लागतात. आणि कोणत्या पेटींत काय घातलें होतें याची यादी नसेल, तर दोष आंत आहे हेंहि कळत नाहीं. हंड्यांतलें पाणी शिळें होतें, तें असें.

जेथें जाणता मनुष्य हाताशीं नाहीं अशा वाचनालयास पेटीच द्यावी, असें आमचें मत आहे. मात्र पेटी देणाऱ्यानें देखभालीचा भार पत्करला पाहिजे, व त्याचा खर्च किंमतींत आधींच उघड धरला पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं जे शाळेच्या वा वाचनालयाच्या मंडळावर असतील, त्यांनीं खरेदीपूर्वीं तीन प्रश्न लेखी विचारावे. आंत कोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे आहेत? कांहींहि न घातलेल्या कोऱ्या संगणकावर हें चालवून पाहिलें आहे काय? आणि दोष निघाल्यास नवी पेटी कोण भरून देईल, व किती वर्षें? उत्तरें मिळेपर्यंत पैसे देण्याची घाई करूं नये.