नर्सिंगचा अभ्यास लक्षात कसा राहील?

उर्दू माध्यमातून बारावी झालेली मुलगी मोठ्या उमेदीने नर्सिंगला जाते. जीएनएम असेल तर ३ वर्षे, बी.एस्सी. असेल तर ४. पहिल्या काही महिन्यांतच शरीररचनेचे जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर येते आणि होस्टेलवरून फोन येतो, "अम्मी, वाचते खूप, पण लक्षात काहीच राहत नाही." इकडे अब्बूंनी फीसाठी उसनवारी केलेली. आपले डोकेच कमी, असे मुलीला वाटू लागते. पालकहो, बहुतेक वेळा डोके कमी नसते, अभ्यासाची रीत बदलायला हवी असते.

विसरणे स्वाभाविक आहे. हरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले सर्वांत जास्त विसरले जाते ते पहिल्या काही तासांत, नंतर वेग मंदावतो, असे त्यातून दिसले. म्हणून वर्गात शिकलेले त्याच रात्री पाहावे, मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने. हिफ्ज करणारी मुले नव्या सबकाबरोबर जुना पाठ उस्तादांना ऐकवत राहतात, तो का, हे इथे कळते.

पाहावे म्हणजे पुन्हा वाचावे असे नाही. पुस्तक मिटून आठवावे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. कोऱ्या कागदावर हृदयाची आकृती काढा, नावे घाला, मग पुस्तक उघडून चुका लाल पेनाने दुरुस्त करा. अडखळायला होते, पण त्या अडखळण्यानेच पाठ पक्का होतो.

इंग्रजी शब्दांची भीती असेल तर ते फोडून पाहा. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद, 'कार्डिया' हृदयाशी संबंधित, 'हेपॅट' यकृताशी, 'नेफ्र' मूत्रपिंडाशी, आणि शेवटी 'आयटिस' आले की दाह. अशा वीस-पंचवीस तुकड्यांतून शेकडो शब्द उलगडतात. अर्थ आधी उर्दूत किंवा मराठीत समजून घ्या, मग उत्तर इंग्रजीत मोठ्याने म्हणा.

प्रत्येक नियमामागचे 'का' विचारा. डिगॉक्सिन देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजतात. प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवतात. का? हे औषध ठोके मंद करते. कारण कळले की नियम घोकावा लागत नाही.

गणिते मात्र हातानेच सोडवावीत. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून २० थेंबांना १ मिली पडते. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. त्यांना २४० मिनिटांनी भागले की मिनिटाला सुमारे ४२ थेंब. रोज अशी दोन उदाहरणे पुरेत.

आणि एक लक्षात ठेवा, वॉर्डात केवळ आठवणीवर विसंबून औषध देऊ नये. रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ, या पाच गोष्टी दरवेळी लेखी आदेशाशी पडताळाव्यात. परीक्षेत विसरले तर गुण जातात, इथे माणूस जाऊ शकतो.

घरच्यांचाही यात वाटा आहे. सुट्टीत मुलगी आली की तिला सगळाच वेळ स्वयंपाकघरात अडकवू नका. रोज एक तास तिचा असू द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री तिला जागवू नका, झोपेत पाठ मुरतो. आणि अम्मींना इंग्रजी येत नसले तरी चालेल. "बेटा, आज काय शिकलीस, मला समजेल असं सांग," एवढे म्हणून ऐकत बसावे. जे ती अम्मींना सोप्या भाषेत सांगू शकते, ते तिला आले. जिथे अडेल, तेवढेच पुन्हा वाचायचे.