घरातील जुनी पत्रे

आपल्या घरी जमिनीचा उतारा, घराचे खरेदीखत, निकाहनामा हे कागद कुलपात असतात. पण दादीला आलेली पत्रे, नानांची रोजनिशी, आखातातून चाचांनी पाठविलेली पत्रे कोठे असतात? पुष्कळ घरांत ती रद्दीत जातात. ज्या कागदाने पैसा किंवा हक्क मिळतो तोच मोलाचा, ही समजूत मला पटत नाही.

मुंबईच्या तय्यबजी घराण्याचे उदाहरण पाहा. बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) हे १८८७ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे सर्व इतिहासाच्या पुस्तकांत मिळते. पण या घराण्यात 'अखबार' नावाच्या वह्याही होत्या. त्यांत घरातील स्त्री-पुरुष आपल्या हाताने रोजच्या गोष्टी लिहीत आणि बराच मजकूर उर्दूत असे. पुढच्या पिढ्यांनी त्या वह्या सांभाळल्या. त्या काळच्या मुस्लिम स्त्रिया घरात कशा राहत, काय विचार करीत, हे सरकारी दप्तरात क्वचितच सापडते. म्हणून आज इतिहासाचे अभ्यासक या वह्या वाचतात.

कोणी म्हणेल, "आमचे घराणे एवढे मोठे नाही." मग तर काळजी अधिकच घ्यायला हवी! मोठ्या माणसांचे कागद ग्रंथालये ठेवून घेतात. आपल्या दादीची पत्रे कोण ठेवणार?

काही वडीलधारी माणसे म्हणतात, "पत्रांत घरची भांडणे असतात, जाळून टाका." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. अशी पत्रे चारचौघांत वाचू नयेत, वेगळ्या पाकिटात ठेवावीत. पण जाळू नयेत.

नुसते पेटीत ठेवूनही भागत नाही. काही घरांत मोडी लिपीतील कागद आहेत, काहींत घाईने लिहिलेले शिकस्ता उर्दू आहे. ते वाचू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. दादीजवळ बसा, कोण कोणाला लिहीत आहे ते विचारा आणि कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने हलकेच नोंद करा. टाचण्या काढा, त्या गंजतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा पिवळा डाग जात नाही. मोबाईलवर फोटो अवश्य काढा, पण फोटो निघाला म्हणून मूळ पत्र फेकू नका. आणि पावसाळ्यापूर्वी ती पेटी ओल्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा.