पोटावरची पिशवी लपवायची कशाला?

अल्सरेटिव्ह कोलायटिसने माझे मोठे आतडे निकामी झाले. दोन वर्षांपूर्वी ते काढून लहान आतड्याचे तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणले. याला इलिओस्टॉमी म्हणतात. मल तिथून पिशवीत जमतो. जीव वाचला. परंतु टाके निघाले म्हणजे रुग्ण बरा झाला, ही समजूत साफ चुकीची आहे.

माझी जखम पिकली, दोन ठिकाणी उघडली. अडीच महिने रोज ड्रेसिंग! त्याहून जास्त छळले ते पिशवीखालच्या कातडीने. लहान आतड्यातला मल पातळ असतो, त्यात पाचकरस असतात. तो लागला की कातडी सोलवटते. ओल्या कातडीवर पिशवी चिकटत नाही, ती गळते, कातडी आणखी सोलवटते. कारण काय निघाले? आतड्याचे सुजलेले तोंड पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आकसते, आणि मी मात्र पहिल्याच मापाने चकतीला भोक कापत होतो. माप पुन्हा पुन्हा घ्यायचे असते, हे सुट्टी देताना कुणीही सांगितले नाही. पुढे एका स्टोमा नर्सने दहा मिनिटांत शिकवले.

पाण्याचेही तेच. मोठे आतडे नसले की पाण्याबरोबर मीठही वाहून जाते. मी नुसते पाणी ढोसत राहिलो, पायात गोळे आले, चक्कर येऊन पुन्हा दाखल झालो. ओआरएस प्यायला हवे होते.

तेव्हा रुग्णाने नर्ससमोर स्वतः पिशवी बदलून दाखविल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, अशी माझी मागणी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत, त्यात आम्ही नाही. पिशवी दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करावी लागते. पाणी असलेले, कडी लागणारे शौचालय किती न्यायालयांत आहे? आमच्या सभागृहांत तरी आहे काय?

आणि लाज! एका जेवणावळीत मी आपण होऊन कोपऱ्यात बसलो. ज्या विटाळाविरुद्ध वीस वर्षे भाषणे ठोकली, तोच मी स्वतःच्या पोटाला लावून घेतला होता. शेजारच्या कार्यकर्त्याने हात धरून मला पंगतीत ओढले, तेव्हा कुठे हे ध्यानात आले.

आता पिशवी बदलायला मला दहा मिनिटे लागतात. कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याला संध्याकाळी माझ्या कार्यालयात घेऊन यावे. मी करून दाखवीन.