एकशे साठ डॉलरची बंदूक

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे पेनसिल्व्हेनियाला गेलो, तेव्हा घरात एका बंदुकीवरून अबोला चालू होता. अकरा वर्षांचा नातू शेजारच्या मुलांबरोबर नेमबाजीला जाऊ लागला होता आणि जावयांना एक जुनी 'पॉइंट टू-टू' रायफल घ्यायची होती. मुलीचा साफ नकार. पंच म्हणून माझी नेमणूक झाली. कॉलेजात असताना एनसीसीत मी हीच 'टू-टू' चालवली होती आणि पुढे बँकेत जुने ट्रॅक्टर, जुनी यंत्रे पाहून कर्ज मंजूर करण्यात उमर घालवली होती.

जावयांबरोबर दुकानात गेलो. आपल्याकडे बंदुकीच्या परवान्यासाठी पोलीस आयुक्तांच्या नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. इथे रायफली मासे धरण्याच्या गळांशेजारी मांडलेल्या. विंचेस्टर कंपनीची मॉडेल ६७, अक्रोडी लाकडाचा दस्ता, किंमत एकशे साठ डॉलर. ही रायफल १९३४ ते १९६३ या काळात निघाली. एका वेळी एकच गोळी. बोल्ट बंद केला तरी मागची मूठ हाताने ओढल्याशिवाय ती उडायला तयार होत नाही. शिकणाऱ्या पोरासाठी हा गुण मला फार मोलाचा वाटला.

या जातीला 'रिमफायर' म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. कडेवर टोला बसला की गोळी सुटते. म्हणून काडतूस स्वस्त, आणि एकदा उडाले की टाकून द्यायचे. पण रिकाम्या बंदुकीचा चाप कोणी उगाच ओढत बसले, तर तोच टोला नळीच्या तोंडावर बसून खळगा पडतो. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट काढून मी मागच्या बाजूने नळीत पाहिले. खळगा नव्हता, गंज नव्हता, आटे स्वच्छ. दस्त्याला पकडीपाशी चीर नाही. माल चोख होता.

मग सवयीप्रमाणे नंबर शोधला. नंबरच नाही! कुणी खोडला असेल म्हणून मी दचकलो. दुकानदार हसला. १९६८च्या कायद्याने नंबर सक्तीचा झाला. त्याआधीच्या स्वस्त रायफलींवर तो घालायचे बंधनच नव्हते. दुकानातून घ्यायची म्हणून फॉर्म भरावा लागला, सरकारी चौकशी झाली. हीच रायफल त्या राज्यात शेजाऱ्याकडून घेतली असती तर तेवढेही लागले नसते. बिननंबरी यंत्रावर आमच्या बँकेने छदाम दिला नसता, आणि मला अजूनही वाटते की बँकेचेच बरोबर होते.

जावई म्हणाले, "बाबा, ही खेळण्यासारखीच आहे." इथे मात्र मी अडलो. काडतुसांच्या खोक्यावरच इशारा असतो की गोळी मैलापलीकडे जाऊ शकते. अमेरिकेत २०२० सालापासून मुलांच्या आणि कुमारांच्या मृत्यूंमध्ये बंदुकीने मोटार अपघातांनाही मागे टाकले आहे. मुलीची भीती पुस्तकी नव्हती. पण नातू शेजाऱ्यांच्या बंदुकीवर, शेजाऱ्यांच्या शिस्तीत शिकणार असेल, तर तीही भीतीच. त्यापेक्षा आपली रायफल, आपले नियम, हे मला जास्त पटले. तसे मी मुलीला सांगितले; ती दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही.

शेवटी तोडगा बँकेतलाच निघाला. तिजोरीची खोली एका अधिकाऱ्याला कधीच उघडता येत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसे. रायफलीसाठी लोखंडी कपाट घेतले (ते रायफलीहून महाग पडले, जावयांनी तोंड वाकडे केले), त्याची किल्ली जावयांकडे. काडतुसे वेगळ्या पेटीत, दुसऱ्या खोलीत, आणि ती किल्ली मुलीकडे. ती 'हो' म्हणेल त्याच रविवारी रायफल बाहेर निघणार.

निघायच्या आदल्या दिवशी तपासणी केली. मुलीने तिची किल्ली स्वयंपाकघरात लाडवांच्या डब्यामागे ठेवली होती. नातवाला घरातली कुठली जागा माहीत असेल तर तीच. मी तिला ती तिथल्या तिथे बदलायला लावली. नवी जागा मलाही सांगू नकोस म्हणालो.