काटा स्वस्त, घट महाग

सोन्याचे काम करणाऱ्या कारागीर बांधवांना आमचे एकच सांगणे आहे : काटा घेताना नुसत्या आकड्यांना भुलू नका. दहा मिलिग्रॅमची चूक क्षुल्लक वाटते. पण ती एकाच बाजूला होत राहिली, तर शंभर नगांत एक ग्रॅम सोने जाते आणि बोल कारागिराला लागतो. म्हणून दुकानातच पारख करा. पंखा बंद करून, सपाट जागी, एकच प्रमाणित वजन पाच वेळा ठेवा. ताटलीच्या मध्ये आणि कडेलाही. दरवेळी वेगळा आकडा आला तर तो काटा घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी व मुद्रांकन दर १२ महिन्यांनी करून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. काट्यावर वाचलेले पैसे घटीत जातात. गेलेली पत मात्र परत येत नाही.